दाढ नंबर छत्तीस

पहिल्यांदा वाटलं, चूक झाली.
तोंडात बत्तीस, कागदावर छत्तीस.
रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, खालची डावी,
आमच्याकडे हाच नंबर असतो,
आणि तिनं पुकारलं : मिस्टर बेवेकर.

अकरा वर्षं मी मस्कतमध्ये बेवेकर आहे.
कार्डावर प आहे, लोकांच्या ओठांवर नाही.
बार्किंग, बेट्रोल, बेप्सी, बेवेकर,
एकाच घरातले आम्ही.

दाढेचं आणि माझं महिनाभर छत्तीसच होतं.
रात्री दोनला ती उठायची,
कानापर्यंत कळ, गाल तव्यासारखा,
खोलीतले तिघे कुशी बदलायचे.
शाहजहान म्हणाला, उपटून टाक, पंधरा रियाल.
साजन म्हणाला, दहा महिन्यांवर सुट्टी आहे, गावी कर.
रूट कॅनॉल एकशेवीस, वर कॅपचे साठ.
पगाराला भागून बघितलं.
भाग जात होता, बाकी उरत नव्हती.

मग बाबा आठवले.
चाळिशीतच डावीकडे एकही दाढ नसलेले,
भाजलेली काजूबी या गालातून त्या गालात नेणारे
आणि शेवटी, कुणी बघत नाहीसं पाहून,
मुठीत काढून ठेवणारे.

दवाखाना रुवीत, एक्स्चेंजच्या वर.
दर पाच तारखेला मी खालीच थांबतो,
पावती घेतो, वळतो.
या पाचला जिना चढलो.

डॉक्टर झुवैना एक्स-रेकडे बघत होती.
दोन मुळं, तीन नळ्या, एक वाकडी.
‘मिस्टर पेवेकर,’ ती म्हणाली,
‘नस मरते आहे, म्हणून एवढी ओरडते.’
मी नस ऐकलीच नाही.
प ऐकला.
तोंड उघडंच राहिलं, तिला वाटलं घाबरलो.

तिची आजी पेम्बा बेटावरची.
घरात आजीची भाषा, म्हणून हा प,
एवढंच तिनं सांगितलं, हातमोजे चढवता चढवता,
आणि सुई टोचली.
अर्धा ओठ गेला.
‘नाव सांगा बघू,’ ती म्हणाली.
फेवेकर, मी म्हणालो.

पंधरा नंबरची सळई, मग वीस, मग पंचवीस.
मिस्फाच्या गोदामात मी ड्रिलबिट असेच देतो,
नंबर बघून, सही घेऊन.
इथं सही माझीच होती.
कुठल्याशा यंत्रानं टुक टुक केलं,
म्हणजे मुळाचं टोक आलं, आता पुढे जायचं नाही.

शेवटी पोकळीत पांढरा लगदा भरला
आणि वास आला.
लवंग.
आई पुडीतून काढून दाढेखाली धरायला द्यायची, ती.
मी डोळ्यांनीच विचारलं.
‘हो, तीच. आजी चटईवर वाळवायची,
महिनाभर हाताचा वास जायचा नाही.
कोण जाणे, तुमच्या आईची पुडी...’
ती तिथंच थांबली.
वर्षांचा हिशेब जुळत नव्हता, तिलाही कळलं.

जिन्यातच फोन वाजला.
‘फमा,’ मी म्हणालो.
‘प्यायलात काय?’
तिचा प ठणठणीत.
मला सांगायचं होतं, या महिन्यात पैसे कमी येतील.
फैसे म्हणवेना.
इंजेक्शन दिलंय, मग बोलतो, म्हणून ठेवला.
ओठ परत यायला दोन तास लागले,
ते वाक्य सांगायला त्याहून जास्त.

आणखी दोन खेपा झाल्या. कॅप बसली.
नखानं वाजवून बघतो :
आतून कुणी ओ देत नाही.
गार पाणी लागत नाही, गरम चहा लागत नाही.
जीभ मात्र अजून तिथंच जाते,
रिकाम्या शेजाऱ्याकडे डोकावावं तशी.

काल मत्राहच्या कट्ट्यावर दंगो घेतला,
मिरची घातलेले उकडलेले चणे, कागदी पेल्यात.
पहिला उजवीकडेच गेला, सवयीनं.
दुसरा मी मुद्दाम डावीकडे नेला,
डोळे मिटून,
आणि चावला.